शेवटची लढाई त्या पुस्तकात नाही

वाचकाचे पत्र (संक्षेपाने):

"माझे वय सत्तेचाळीस. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना वसतिगृहातल्या एका मित्राने मला उर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी वाचायला दिली आणि त्या एका वर्षात मी ती तीनदा वाचली. घरापासून दूर, दोन विषय राहिलेले, कोणाशी फारसे बोलणे नाही, अशी तेव्हा माझी अवस्था होती. आपल्याच चुकीतून जन्मलेल्या सावलीशी शेवटच्या लढाईत झुंजून तिचा नाश करणारा गेड मला त्या दिवसांत फार आधाराचा वाटला. आता माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, म्हणून सुट्टीत मी तिला ते पुस्तक भेट दिले. सात प्रकरणे वाचून तिने ते माझ्या टेबलावर परत आणून ठेवले. यात एकही धड मुलगी नाही. लेखिका प्रसंग दाखवत नाही, नुसती सांगत सुटते. मधल्या बेटांच्या प्रवासाचा कंटाळा येतो. आणि नायक पुढे मोठा जादूगार होणार हे पहिल्याच पानावर कळल्यावर काळजी कशाची करायची, असे तिचे म्हणणे आहे. शाळेच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात तिला एका पुस्तकाच्या जमेच्या आणि उण्या बाजूंवर दहा मिनिटे बोलायचे आहे आणि त्यासाठी तिने नेमके हेच निवडले आहे. अर्धवट समजून चारचौघांत असे बोलू नये, असे मी म्हणालो. त्यावरून वाद झाला. तीन आठवडे आम्ही पुस्तकांविषयी एकमेकांशी बोललेलो नाही. तिचे चुकते आहे हे तिला न दुखावता कसे पटवून द्यावे?" (एक वडील, सांगली)

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचल्यावर मी कपाटातली माझी जुनी प्रत काढली आणि उत्तर लिहिण्याआधी ती पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. दहाच प्रकरणांचे पुस्तक आहे, दोन बैठकांत संपते. ते संपल्यावर मला वाटले ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना आपला गैरसमज होणार नाही: आपल्या मुलीचे फारसे चुकलेले नाही. निदान ज्या आक्षेपामुळे आपल्याला सर्वांत जास्त लागले असावे, तो तर पूर्णपणे खरा आहे.

ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगावी लागेल, आणि शेवटही सांगावा लागेल, याबद्दल त्यांची क्षमा मागते. ही कादंबरी 1968 साली अमेरिकेत बर्कली येथील पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेने काढली. आमच्या नेहमीच्या बालवाचकांहून थोड्या मोठ्या मुलांसाठी काही लिहाल का, अशी विचारणा प्रकाशकांनी केली, तेव्हा ले ग्विन यांच्या मनात एक साधा प्रश्न आला. गोष्टींतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारे असतात. पण ते पंधरा वर्षांचे असताना कसे असतील, आणि त्यांना हे सगळे कोणी शिकवले असेल? त्या प्रश्नातून गेड आला. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावरच्या कांस्यकाम करणाऱ्या लोहाराचा हा आईवेगळा मुलगा बकऱ्या राखतो, गावातल्या जादूटोणा करणाऱ्या मावशीकडून पहिले मंत्र शिकतो, बाराव्या वर्षी धुके रचून हल्लेखोरांपासून गाव वाचवतो आणि पुढे रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेत जातो. तिथे जॅस्पर नावाच्या एका उच्चकुलीन मुलाच्या टोमण्यांनी पेटून उठून, आपले सामर्थ्य दाखवण्याच्या ईर्ष्येने, तो मेलेल्या माणसाचा आत्मा बोलावतो. जगाला पडलेल्या त्या चिरेतून आत्म्याबरोबर एक सावलीही बाहेर येते. तिला रोखताना शाळेचे वृद्ध प्रमुख नेमर्ल प्राण गमावतात आणि गेडच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात. उरलेली कादंबरी म्हणजे आधी गेडच्या मागे लागलेली सावली, आणि नंतर सावलीच्या मागे लागलेला गेड.

आता मुलीच्या पहिल्या आक्षेपाकडे येते, कारण मला त्यावरच सर्वांत जास्त बोलायचे आहे.

या पुस्तकात बायका आहेत किती आणि कशा, हे पुन्हा वाचताना मी मुद्दाम पाहत गेले. गेडला पहिली विद्या देणारी मावशी आहे, पण तिला नावसुद्धा नाही, आणि तिची विद्या अर्धीकच्ची व भेसळीची आहे असे निवेदकच आपल्याला सांगतो. त्याच प्रकरणात गाँट बेटावरच्या दोन म्हणी येतात, त्यांचा अर्थ असा की बायकांची जादू दुबळी असते आणि दुष्टही असते. आणि निवेदक त्या म्हणी खोडून काढत नाही. सरदाराची मुलगी सेरेट दोनदा येते, लहानपणी आणि मोठेपणी, आणि दोन्ही वेळा तिचे काम एकच: गेडला मोह घालणे. खडकाळ बेटावर आयुष्य काढलेली म्हातारी आहे, ती मुकाट्याने एक तुटकी अंगठी देते. बोलावलेला आत्मा एका सुंदर राणीचा आहे, ती क्षणभर दिसून जाते. रोकच्या शाळेत मुलगी शिकत नाही, शिकवतही नाही, आणि हे कोणाला खटकतही नाही. ज्या कथाजगातल्या प्रत्येक झाडापाल्याला स्वतःचे खरे नाव आहे, त्या जगात मावशीला लेखिकेने नाव दिलेले नाही, हे आपल्या मुलीने नेमक्या याच शब्दांत मांडले नसेल. पण तिला जे खटकले ते हेच आहे.

यावर आपण बहुधा म्हणाल, आणि वादात म्हणालाही असाल, की तो काळच तसा होता. हा बचाव मुलीपुढे करू नका, कारण तो टिकत नाही. याच लेखिकेने पुढच्याच वर्षी, 1969 साली, 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ही कादंबरी प्रसिद्ध केली, जिच्यातल्या ग्रहावरची माणसे कायमची स्त्री किंवा कायमची पुरुष नसतात. म्हणजे स्त्रीपुरुषभेदाची चौकटच उचलून बाजूला ठेवता येते, ही कल्पना त्याच सुमारास त्याच टेबलावर होती. मुलांसाठी साहसकथा लिहिताना मात्र त्यांचा हात जुन्या वीरकथांच्या वळणावरूनच चालला: गुरू पुरुष, शिष्य पुरुष, मित्र पुरुष, आणि बाई म्हणजे एक तर घर किंवा मोह. दोष काळाचा कमी आणि कथाप्रकाराच्या सवयीचा जास्त आहे, असे माझे मत आहे.

हे केवळ माझे मत आहे असेही नाही. 1971 साली आलेल्या दुसऱ्या भागात, 'द टूम्स ऑफ अट्युआन'मध्ये, ले ग्विन यांनी टेनार या मुलीला केंद्रस्थानी ठेवले आणि गेडला पुस्तकाचा बराचसा भाग उलटल्यावर आत आणले. तिसरा भाग 1972 चा. आणि त्यानंतर अठरा वर्षांनी, 1990 साली, त्या पुन्हा त्याच बेटांकडे वळल्या आणि त्यांनी 'तेहानू' लिहिली, जिच्यात टेनार ही एका शेतकऱ्याची प्रौढ विधवा आहे, तिच्या पदरी भाजलेली, टाकून दिलेली एक लहान मुलगी आहे, आणि सगळी जादू गमावलेला गेड तिच्या घरी आश्रयाला येतो. 1993 साली पुस्तिकेच्या रूपाने आलेल्या एका व्याख्यानात त्यांनी स्पष्टच सांगितले की वीरकथा ही परंपरेने पुरुषत्वाची कथा आहे आणि आपण सुरुवातीला त्याच परंपरेच्या आत राहून लिहीत होतो. आपल्या गाजलेल्या पुस्तकातली उणीव वीस वर्षांनी स्वतः ओळखून तिच्यावर आणखी पुस्तके लिहिणारे लेखक मला फार थोडे माहीत आहेत. ('तेहानू'च्या मुखपृष्ठावर हे अर्थसीचे शेवटचे पुस्तक असल्याचे छापले होते, त्यानंतर 2001 साली आणखी दोन आली. शेवटचे म्हणून सांगणाऱ्या लेखकावर वाचकाने फार विश्वास ठेवू नये.)

ही माहिती मुलीला जरूर सांगा, मात्र हुकमाचा पत्ता टाकावा तशी टाकू नका. लेखिकेने पुढे सुधारणा केली म्हणून 1968 चे पुस्तक सुधारत नाही; ते जसे आहे तसेच आहे, आणि मुलीने मत दिले आहे ते त्या पुस्तकावर. मात्र ज्या निष्कर्षाला लेखिकेला इतकी वर्षे लागली, तिथे ती सात प्रकरणांत पोहोचली, हे ऐकून तिला बरे वाटेल. आणि हे वडिलांनी सांगितले तर जास्तच बरे वाटेल.

दुसरा आणि चौथा आक्षेप मी एकत्र घेते, कारण मला ते एकाच आक्षेपाची दोन टोके वाटतात. लेखिका दाखवत नाही, सांगते. आणि पहिल्याच पानावर सांगून टाकते की हा मुलगा पुढे ड्रॅगनांशी बोलणारा आणि जादूगारांचा प्रमुख होणार आहे. हे खरे आहे. आजच्या किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या बहुतेक अद्भुतकथा प्रथमपुरुषी, वर्तमानकाळी आणि नायिकेच्या छातीतली धडधड ऐकू येईल इतक्या जवळून सांगितलेल्या असतात. त्यांची सवय झालेल्या वाचकाला हे निवेदन काचेपलीकडून बोलल्यासारखे वाटणारच. आपण मात्र मुलीला एक प्रश्न विचारून पाहा: कीर्तनात उत्तररंगाचे आख्यान सुरू होते तेव्हा शेवटी काय होणार हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, तरी माणसे मध्यरात्रीपर्यंत का बसून राहतात? ले ग्विन यांनी जाणूनबुजून आख्यानकाराचा आवाज घेतलेला आहे. गेडची मोठेपणची कीर्ती गाणाऱ्या पोवाड्यांत जे आलेले नाही, ते मी सांगते आहे, अशी त्यांची भूमिका आहे. 'पुढे काय झाले' ही उत्कंठा त्यांनी आपण होऊन सोडून दिली आणि 'हा असा मुलगा तसा माणूस कसा झाला' ही उत्सुकता तिच्या जागी ठेवली. वडील मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर आणि आई लेखिका, अशा घरात लोककथा ऐकत वाढलेल्या बाईला ही रीत परकी नव्हती.

पण ही रीत फुकट मिळत नाही, आणि इथे मी पुन्हा मुलीच्या बाजूला जाते. गेडचा सोबती असलेला, खांद्यावर बसून फिरणारा ओटॅक हा छोटासा प्राणी मरतो, तेव्हा ते दुःख काही ओळींत आटोपते. पहिल्या प्रकरणानंतर बापाचा पत्ताच नाही. ज्या जॅस्परमुळे एवढा अनर्थ घडला तो शाळा सोडून जातो आणि आपल्या हाती त्याच्याविषयीची एक उडती बातमी तेवढी उरते. आख्यानाला एवढे चालते; कादंबरीला, निदान पंधरा वर्षांच्या मुलांच्या दुखऱ्या मनांविषयी बोलणाऱ्या कादंबरीला, ते थोडे कमीच पडते. मात्र हा लांबचा सूर जिथे जमून येतो तिथे तो असा जमतो की जवळून सांगितलेल्या शंभर पानांत ते साधू नये. व्हेच नावाचा मित्र शाळा संपवून घरी निघतो, तेव्हा गेड अजून आजारातून पुरता सावरलेला नाही, त्याची वाणी अडखळते, अंगावर अपराधाचे ओझे आहे. निरोप घेताना व्हेच त्याला आपले खरे नाव सांगतो. त्या जगात खरे नाव सांगणे म्हणजे आपला जीव दुसऱ्याच्या हातात देणे. त्या प्रसंगात कोणी रडत नाही, कोणी गळ्यात पडत नाही, आणि मैत्रीविषयी एकही भाष्य येत नाही.

बेटांच्या प्रवासाचा कंटाळा येतो, हे मान्य. विशेषतः ऑसकिल बेटाचा भाग, जिथे सेरेट पुन्हा योगायोगाने भेटते, तो मला या वेळीही ओढूनताणून आणलेला वाटला, आणि मुलीने पुस्तक नेमके त्या सातव्या प्रकरणानंतरच ठेवले हे वाचून मला मनातल्या मनात तिच्या वाचकपणाचे कौतुकच वाटले. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

आता जमेच्या बाजू. आपल्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली, ती अशी की पुस्तक आपल्याला एवढे प्रिय असूनही ते का चांगले आहे हे आपण कुठेच लिहिलेले नाही. ते आपल्याला कधी भेटले एवढेच लिहिले आहे. वसतिगृहातले ते वर्ष आपल्या मुलीच्या वाट्याला आलेले नाही, येऊही नये. त्यामुळे ते तिला पटवून देण्याच्या कामी येणार नाही. तिला पुस्तकातलेच काही दाखवावे लागेल.

मला विचाराल तर मी नावांपासून सुरुवात करेन. या कादंबरीत जादू म्हणजे भाषा. वस्तूचे आदिभाषेतले खरे नाव ज्याला ठाऊक, त्याची त्या वस्तूवर सत्ता. म्हणून रोकच्या विद्यार्थ्यांना एका एकाकी मनोऱ्यात महिनोन्‌महिने नुसत्या नावांच्या याद्या पाठ कराव्या लागतात, आणि यादीवरची शाई मध्यरात्री उडून जाते. परीक्षेच्या वर्षातल्या मुलीला हे वेगळे समजावून सांगायला नको. आणि मराठी वाचकाला तर ही कल्पना परदेशी वाटण्याचे कारणच नाही. आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, ते आधी त्यालाच ऐकू जावे म्हणून. पाळण्यातले नाव एक असते आणि हाक मारायचे दुसरे. नवऱ्याचे नाव सरळ तोंडाने घ्यायचे नाही म्हणून उखाण्यात गुंडाळून घेतात. आणि नामाचा महिमा गाणारा वारकरी संप्रदाय तर याच मातीतला. गेडचा नामकरणविधी पहिल्या प्रकरणाच्या शेवटी येतो: मावशी त्याचे आईने ठेवलेले नाव काढून घेते, तो नदीचे गार पाणी ओलांडून पलीकडे जातो, आणि पलीकडच्या काठावर गुरू ओजियन त्याला कुजबुजत्या आवाजात नवे नाव देतो. तो परिच्छेद मुलीसमोर एकदा मोठ्याने वाचा. ले ग्विन यांचे गद्य कानासाठी लिहिलेले आहे, डोळ्यांनी भरभर वाचताना त्याची निम्मी चव जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे जादूची किंमत. अद्भुतकथा पुष्कळदा इथेच फसते; मंत्र म्हटला की काम झाले, मग संकटाला अर्थ काय राहिला? इथे प्रत्येक मंत्राचे देणे कोणीतरी फेडतो. दिवा लावला की सावली पडणारच, हे शाळेतले गुरू पहिल्याच वर्षी बजावतात, आणि दगडाचा खरोखरीचा हिरा केला तर जगाचा तोल कुठे बिघडेल ते कळल्याखेरीज तसे करू नये असेही. पाऊस सुरू झाला की ओजियन मंत्राने ढग दुसरीकडे पाठवत नाही. एखाद्या दाट झाडाखाली मुकाट्याने झोपतो, आणि भिजत, चरफडत बसलेल्या गेडला हे कसले गुरू असे वाटते. मला हा संपूर्ण पुस्तकातला सर्वांत गमतीदार आणि सर्वांत शहाणा प्रसंग वाटतो. पुढे होड्या बांधणाऱ्या मित्राचे लहान मूल मरणाच्या दारात असते, तेव्हा गेड आपल्या शक्तीबाहेर जाऊन त्याच्यामागे मृत्यूच्या प्रदेशात उतरतो आणि मूल तरीही वाचत नाही. मुलांच्या पुस्तकात हे लिहायला धैर्य लागते. पेंडॉर बेटावरचा वृद्ध ड्रॅगन त्याला सावलीचे नाव सांगण्याचे आमिष दाखवतो आणि गेड ते नाकारून बेटांवरच्या लोकांसाठी अभय मागून घेतो, तेही असेच. स्वतःचा जीव वाचवणारी गोष्ट समोर असताना त्याने ठरलेले काम आधी केले.

तिसरी गोष्ट बहुधा आपल्या दोघांच्याही नजरेतून सुटली असेल. गेडचा वर्ण तांबूस तपकिरी आहे. व्हेच काळा आहे. या जगातले बहुतेक लोक सावळे आहेत आणि गोरे आहेत ते लुटारू. 1968 सालच्या इंग्रजी किशोरवाङ्मयात हे करणे साधे नव्हते, आणि लेखिकेने ते डंका न वाजवता, वाचक गेडचा झाल्यावर सहज बोलता बोलता केले आहे. पुढे अनेक मुखपृष्ठांवर चित्रकारांनी त्याला गोरा करून टाकला, आणि 2004 साली निघालेल्या दूरचित्रवाणी मालिकेत ती भूमिका गोऱ्या नटाला दिली, तेव्हा ले ग्विन यांनी उघडपणे लिहून निषेध नोंदवला. आपल्या घरातली प्रत काढून मुखपृष्ठावरचा गेड कसा आहे ते मुलीसोबत बघा. गोरेपणाच्या मलमांच्या जाहिराती पाहत वाढलेल्या मुलीकडे यावर बोलण्यासारखे पुष्कळ असेल, आणि लेखिका स्त्रियांच्या बाबतीत जिथे चुकली तिथेच वर्णाच्या बाबतीत तिला इतके स्वच्छ कसे दिसले, हा प्रश्न तिच्या दहा मिनिटांतली चार मिनिटे सहज व्यापेल.

आता शेवटच्या लढाईविषयी. आपण लिहिले आहे की गेड सावलीशी शेवटच्या लढाईत झुंजून तिचा नाश करतो. तसे घडत नाही. दहाव्या प्रकरणात गेड आणि व्हेच छोट्या होडीतून सर्व बेटांच्या पलीकडे, उघड्या समुद्रात जातात. तिथे पाण्याची वाळू झाल्यासारखी होते, सावली चालत सामोरी येते, आधी गेडच्या बापाचे रूप घेते, मग जॅस्परचे, मग आणखी कोणाकोणाचे. गेड थांबतो आणि तिला तिच्या नावाने हाक मारतो. ते नाव असते 'गेड'. त्याच क्षणी सावलीही तोच शब्द उच्चारते, दोन्ही आवाज एक होतात, गेड तिला धरतो आणि ते दोघे एक होतात. कोणी जिंकत नाही, कोणी मरत नाही. व्हेचला दुरून पाहताना भीती वाटते की सावलीने मित्राला गिळले, आणि जवळ गेल्यावर कळते की तसे झालेले नाही.

हे मी आपल्याला टोकण्यासाठी लिहीत नाही. जवळजवळ तीस वर्षांपूर्वी वाचलेल्या पुस्तकात आपल्या स्मरणाने एक लढाई घालून दिली, यात नवल काहीच नाही; त्या वर्षी आपल्याला लढाईची गरज असेल. पण याचा अर्थ असा होतो की मुलीने त्या पुस्तकाची सात प्रकरणे वाचली आहेत आणि आपल्याला आज आठवते आहे ते पुस्तक थोडे वेगळेच आहे. अर्धवट वाचून बोलू नये, हे आपले म्हणणे योग्य आहे. ते दोघांनाही लागू पडते.

भाषणाबाबत माझा सल्ला सरळ आहे. तिला ते देऊ द्या, उण्या बाजूंसकट द्या म्हणावे. फक्त उरलेली तीन प्रकरणे वाचून मग द्यावे. वाचायची नसतील तर सातव्या प्रकरणापाशी थांबल्याचे आणि थांबण्याचे कारण तिने श्रोत्यांना पहिल्याच वाक्यात सांगावे. त्यात कमीपणा काही नाही. 'यात मुली नाहीत' हे वाक्य तिने पुराव्यानिशी मांडावे: कोणती बाई कुठे येते, तिला नाव आहे का, ती काय करते. 'कंटाळा येतो' एवढेच म्हणण्यापेक्षा कोणत्या पानावर पुस्तक मिटावेसे वाटले ते सांगावे. आणि जमेची बाजू केवळ समतोल साधण्यासाठी चिकटवू नये. तिला मनापासून आवडलेली एकच गोष्ट असेल तर एकच सांगावी. भाषण लिहून झाल्यावर तिने आपल्याला दाखवले तर वाचा, पण दुरुस्त करू नका. तिने दाखवले नाही तर मागू नका.

तिने न वाचलेल्या नवव्या प्रकरणाविषयी एक सांगायचे राहिले. व्हेचच्या घरी त्याची चौदा वर्षांची बहीण आहे, यॅरो. ती चुलीपाशी भाकऱ्या भाजत गेडला प्रश्न विचारते, आणि ते असे नेमके प्रश्न असतात की रोकच्या शाळेत नऊ गुरूंपुढे कोणी तसे विचारलेले आपल्याला दिसत नाहीत: मंत्राने अन्न करता येते तर तुम्ही प्रवासात शिदोरी का नेता? व्हेच आणि गेड होडीत बसून जगाच्या टोकाला जातात, आणि ती किनाऱ्यावर राहते. यॅरो आपल्या मुलीचे मत बदलेल की आणखी पक्के करेल, हे मला सांगता येणार नाही. मला वाटते, दोन्ही होईल.

भाषणाला अजून काही आठवडे आहेत आणि प्रकरणे दहा आहेत. आज रात्री जेवणे झाल्यावर आपण स्वतः पहिल्या प्रकरणापासून वाचायला घ्या, बैठकीच्या खोलीत, तिला दिसेल असे. ती विचारेल की पुन्हा का वाचता आहात. तेव्हा तिला त्या लढाईविषयी सांगा.